बालबोधाची लाज

आपल्याकडे देवनागरी लिपीला बालबोध म्हणण्याची जुनी चाल आहे. मोडी ही सराईत हाताची, दफ्तरांतल्या कारकुनाची लिपि. बालबोध ही शिकाऊ मुलालाही उमजावी अशी. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं मुलांसाठीं मासिक काढलें, तेव्हां त्यालाही त्यांनीं 'बालबोध' हेंच नांव दिलें. नवशिक्याला कळेल असें लिहिण्यांत त्या पिढीला कमीपणा वाटत नव्हता. आज मात्र विद्येच्या एका नव्या प्रांतांत असा कमीपणा वाटूं लागला आहे. इतकेंच नव्हे, तर तो विद्वत्तेचें लक्षण म्हणून मिरवला जात आहे. त्याविरुद्ध चार शब्द स्पष्टपणें लिहावे असें कित्येक दिवस मनांत होतें. गेल्या उन्हाळ्यांत मारेगांवीं घरच्या घरीं जें पाहिलें, त्यानें तें लिहिणें टाळतां येईनासें झालें.

विषय पुष्कळ वाचकांना अपरिचित असेल, म्हणून आधीं तो सांगतों. घराबाहेरचा विजेचा नवा मीटर, एस.टी.च्या वाहकाच्या हातांतलें तिकिटाचें यंत्र, जिनिंगमधला इलेक्ट्रॉनिक काटा, पाऊस आणि वारा मोजून आंकडे आपोआप पाठविणारें हवामानकेंद्र, घरांतला इंटरनेटचा राउटर, या प्रत्येकाच्या पोटांत एक लहानसा संगणक बसविलेला असतो. असल्या संगणकाला 'एम्बेडेड' म्हणतात. त्याला बहुधा मोठा पडदा नसतो, कळफलक नसतो. असतें तें एकच ठरलेलें काम. अगदीं लहान यंत्रांना एखादा छोटा प्रोग्रॅम पुरतो. परंतु राउटरासारख्या जरा मोठ्या यंत्रांत बहुधा लिनक्स ही संपूर्ण प्रणाली बसवावी लागते. ती यंत्राच्या मापाची तयार मिळेलच असें नाहीं. तिचे शेंकडों भाग निरनिराळ्या ठिकाणांहून मूळ लेखनाच्या रूपांत आणावयाचे, त्यांत आपल्या यंत्रापुरत्या दुरुस्त्या करावयाच्या, ते त्या यंत्राला कळणाऱ्या भाषेंत उतरवावयाचे, आणि सर्व मिळून एक गठ्ठा बांधून यंत्राच्या स्मृतींत ठेवावयाचा. शिवाय हें काम होतें टेबलावरच्या मोठ्या संगणकावर, आणि त्याचें फळ चालावयाचें तें भलत्याच जातीच्या लहान संगणकावर. शिंप्यानें आपल्या मशीनवर दुसऱ्याच्या मापाचा कपडा शिवावा तसें. हा खटाटोप हातानें करणें माणसाच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून तो क्रमवार करून घेणारीं साधनें निघालीं. त्यांना 'बिल्ड सिस्टिम' म्हणतात. आपण बांधणी-यंत्रणा म्हणूं.

या यंत्रणांत दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक बिल्डरूट; ती तुलनेनें आटोपशीर. दुसरी यॉक्टो, लिनक्स फाउंडेशननें ती २०१० सालीं जाहीर केली, आणि तिच्या मुळाशीं ओपनएम्बेडेड हा त्याहून जुना उद्योग आहे. एकावर चोवीस शून्यें मांडून त्या संख्येनें एकाला भागलें म्हणजे जो अंश येतो, तो दाखविणारा उपसर्ग म्हणजे यॉक्टो. २०२२ सालापर्यंत मापनशास्त्रांत याहून सूक्ष्म उपसर्ग नव्हता. नांव सूक्ष्म, पसारा मात्र विराट. तिच्या कर्त्यांनीं परिभाषा स्वयंपाकघरांतून उचलली आहे. प्रत्येक भाग कसा तयार करावा हें सांगणाऱ्या फाइलीला 'रेसिपी' म्हणतात. त्या रेसिपी वाचून काम उरकणाऱ्या साधनाचें नांव 'बिटबेक'. आणि रेसिपींच्या एकेका संचाला 'लेयर', म्हणजे थर, म्हणतात. शब्द स्वयंपाकघरांतले घेतले. त्यांच्याबरोबर सुगरणीची सांगण्याची रीतही घेतली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

या दोन्ही यंत्रणा मुक्त आहेत. म्हणजे त्यांचें मूळ लेखन कोणींही फुकट घ्यावें, वाचावें, बदलावें, दुसऱ्यास द्यावें. लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखालीं दिला जातो, त्या जीपीएलच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत तर असें कलम आहे कीं, मूळ लेखन द्यावयाचें म्हणजे त्याची बांधणी व स्थापना करण्यासाठीं वापरलेल्या आज्ञांच्या फाइलीही त्याबरोबर द्यावयाच्या. कलम उदार आहे, आणि त्याच्या कर्त्यांचे जगावर उपकार आहेत. परंतु परवाना कृति देववूं शकतो, समजूत देववूं शकत नाहीं. दार उघडें ठेवण्याची सक्ति करतां येते. दारापर्यंत पायऱ्या बांधण्याची सक्ति कोणत्याही परवान्यांत नाहीं. पायऱ्या नसलेलें उघडें दार हें, ज्याला उडी मारतां येते त्याच्यापुरतेंच उघडें असतें.

आतां मारेगांवची हकीकत. करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें तालुक्याचें गांव. भोंवतीं कापूस, सोयाबीन आणि तूर, आणि पलीकडे वणीच्या कोळशाच्या खाणी. आमचा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. सुटींत त्यानें मुठींत मावेल एवढा एक संगणकफलक विकत आणला. शेतजमिनीची ओल मोजून ती घरीं मोबाइलवर कळविणारें यंत्र करावें, असा त्याचा मनोदय. फलक विकणाऱ्या कंपनीनें 'नवशिक्यांसाठीं' म्हणून एक पान दिलें होतें. (कंपनीचें नांव येथें नको, दोष तिचा एकटीचा नाहीं.) त्या पानांत अकरा आज्ञा होत्या, आणि शेवटीं, 'आतां निवांत चहा घ्या' अशा अर्थाची एक थट्टा होती.

पहिल्या आज्ञेपूर्वीं संगणकावर काय काय असावें लागतें, हें पानावर नव्हतें. तें शोधण्यांत दोन दिवस गेले. मग कळलें कीं डिस्कवर जागा पुरत नाहीं. यॉक्टोच्या स्वतःच्या प्रारंभिक पुस्तिकेंत ही अट अगदीं आरंभीं सांगितलेली असते. निदान ५० जीबी जागा मोकळी हवी असें पूर्वीं तींत होतें, मागाहून तो आंकडा ९० जीबी झाला. कंपनीच्या पानानें या पुस्तिकेकडे बोटही दाखविलें नव्हतें. कशीबशी जागा केली. मग मूळ लेखनें उतरूं लागलीं. तीं कित्येक जीबी भरतात. मोबाइलच्या पॅकांतला दिवसाचा वांटा दुपारपूर्वींच संपे, आणि काम उद्यांवर जाई. पुढें यंत्रणेनें कळविलें कीं, हा थर त्या थराशीं जुळत नाहीं. कारण पान एका आवृत्तीसाठीं लिहिलेलें, आणि त्यांतली आज्ञा आणीत होती दुसरी आवृत्ति. नवव्या दिवशीं एकदाचें सर्व जुळलें. तेव्हां भाच्यानें आपल्या उपयोगाचा एक जास्तीचा भाग जोडण्याची ओळ, पानांत दाखविल्यावरून, लिहिली. आणि सारें पुन्हा अडलें. चार दिवस झटून शेवटीं तो आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, यायनं लिहिलं तसंच तं केलं मी. मंग हे होत काऊन नाही?"

चूक काय होती ती सांगतों, कारण सारा वाद तींत आहे. असलेल्या यादीला या रीतीनें नवें नांव जोडतांना, अवतरणचिन्हाच्या आंत, नांवाआधीं एक मोकळी जागा सोडावी लागते. ती न सोडल्यास नवें नांव यादींतल्या शेवटच्या नांवाला चिकटतें, आणि यंत्रणा त्या जगांत नसलेल्या जोडनांवाचा शोध करूं लागते. जाणत्याचा हात ती जागा आपोआप सोडतो. पानावरच्या उदाहरणांतही ती सोडलेली होती. परंतु मोकळी जागा डोळ्यांत भरत नाहीं. तिच्याविषयीं एक वाक्य लिहावयास हवें होतें. तें लिहिणाऱ्याला सुचलें नाहीं. कारण तेथें कांहीं अडचण आहे हेंच तो विसरून गेला होता. त्या एका वाक्याच्या अभावीं भाच्याचे चार दिवस गेले.

हा प्रसंग आम्हीं या विद्येंत मुरलेल्या एका स्नेह्यांना सांगितला. त्यांचें उत्तर असें कीं, ज्याला खरी तळमळ असते तो वाट काढतोच. आम्हीही अशाच ठेंचा खाऊन शिकलों. हें उत्तर त्यांचें एकट्याचें नाहीं. या क्षेत्रांतल्या पांच जाणत्यांना विचारा, तिघे तरी हेंच सांगतील. नदी पोहून आलेल्यांनीं पैलतीरावर सभा भरवावी, आणि नावेची गरज नाहीं असा ठराव एकमतानें संमत करावा, तसा हा प्रकार आहे. जे काठावरूनच परतले, त्यांचीं मतें त्या सभेंत मोजलीं जात नाहींत. परतणारा निर्बुद्ध असतो असेंही नाहीं. पुण्यांत कंपनींत नोकरीस लागलेला तरुण अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. अर्ध्या मिनिटांत त्याला मोकळ्या जागेचें रहस्य कळतें, आणि आपण स्वतःच ठेंच खाऊन शिकलों असें त्याला जन्मभर वाटतें. मारेगांवांत शेजारचें टेबल नसतें. तेथें पान हाच शेजारी. तो मुका निघाला तर दुसरा नाहीं.

ठेंचांच्या या कौतुकांत आणखी एक घोटाळा आहे. विषयाचा अवघडपणा वेगळा, आणि पानाचा निष्काळजीपणा वेगळा. एका जातीच्या संगणकावर दुसऱ्या जातीच्या संगणकासाठीं बांधणी कशी होते, हें समजावयास खरोखर अवघड आहे. त्याच्याशीं झगडल्यानें बुद्धि वाढते. लिहिणारा एक ओळ विसरला, हें शोधून काढण्यानें बुद्धि वाढत नाहीं. रात्र तेवढी जाते. बालबोध लेखनाचें काम विषयाचा अवघडपणा लपविणें हें नव्हे, तर त्याच्यापर्यंत विद्यार्थ्याला ताज्या दमानें पोंचविणें हें आहे. सोपें केल्यानें विद्या उथळ होते, असा जो दुसरा आक्षेप घेतला जातो, त्याचें उत्तरही यांतच आहे.

हें काम दुय्यम होय, असेंही पुष्कळांना वाटतें. संस्थेंत ज्याला दुसरें कांहीं येत नाहीं त्याच्याकडे तें सोपवितात, किंवा सर्व कामें संपल्यावर उरलेल्या वेळांत करावयाचें म्हणून ठेवतात. आणि वेळ कधींच उरत नाहीं. या मंडळींनीं आपल्या घरच्या फळीवरचें पाकशास्त्राचें पुस्तक काढून पाहावें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' १९१० सालचें. त्यानंतर साठ वर्षांनीं, १९७० सालीं, कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' आलें. 'रुचिरा'नें मराठी घराघरांत जें स्थान मिळविलें, त्याचें एक मोठें कारण असें कीं, मापें घरांतल्याच वाटी-चमच्यांनीं दिलेलीं होतीं. 'अंदाजानें मीठ' हें सुगरणीला पुरतें, कारण अंदाज तिच्यापाशीं असतो. नव्यानें चूल पेटविणाराजवळ वाटी तेवढी असते. कमलाबाईंना अंदाज नव्हता म्हणून त्यांनीं वाटी हातीं धरली, असें कोणी म्हणेल काय? आपला वर्षानुवर्षांचा अंदाज त्यांनीं वाटींत मोजून दिला. जें हाताला येतें तें मोजून सांगणें, हें करण्याहून अवघड आहे. ज्यांच्या रेसिपींत 'नंतर नेहमीप्रमाणें करावें' असें लिहिलेलें असतें, त्यांना ही गोष्ट अद्याप कळावयाची आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, या यंत्रणांना लेखन नाहीं असें थोडेंच आहे? आहे, आणि भरपूर आहे. यॉक्टोच्या संदर्भग्रंथांत शेंकडों चलांचे अर्थ वर्णानुक्रमानें दिलेले आहेत, आणि तें काम परिश्रमाचें व स्तुत्य आहे. परंतु संदर्भग्रंथ वेगळा आणि पाठ वेगळा. डॅनियेल प्रोचिदा या लेखकानें तांत्रिक लेखनाचे चार प्रकार सांगितले आहेत: शिकविणारा पाठ, विशिष्ट काम कसें करावें हें सांगणारी कृति, संदर्भ, आणि विवेचन. एकाचें काम दुसऱ्याकडून होत नाहीं, असें त्याचें म्हणणें. आपल्याला हें परकें नाहीं. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला, आणि १८५७ सालीं त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति निघाली. तो आजही अभ्यासकाच्या हाताशीं असतो. तरी मराठी शिकावयास आलेल्या परकीयाच्या हातीं तो कोश देऊन 'यांत सर्व आहे' असें कोणी शहाणा सांगणार नाहीं. इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या पिढ्यांच्या हातीं आपण कोश दिला नाहीं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला दिली. कोशांत सर्व असतें. पाठांत आज लागेल तेवढेंच असतें, आणि तें क्रमानें असतें.

क्रम ठरवितांना आपला वाचक कोठें बसला आहे, हें ध्यानांत घ्यावें लागतें. उतरवून घेतलेलीं मूळ लेखनें बिटबेक एका फोल्डरांत जपून ठेवतो. तें फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवलें आणि त्याची जागा यंत्रणेला सांगितली, तर तीच लेखनें पुन्हा उतरवावीं लागत नाहींत. म्हणजे एखाद्या महाविद्यालयांत एकानें एकदां सर्व उतरवून घेतलें, तर वर्गांतल्या बाकीच्यांना तीं पेन ड्राइव्हवरून मिळूं शकतात. ही सोय पूर्वींपासून आहे. परंतु नवशिक्यांसाठीं लिहिलेल्या पानांत ती क्वचित् आढळते. तिची जागा पुढच्या, 'प्रगत' प्रकरणांत. जेथें इंटरनेट नळाच्या पाण्यासारखें वाहतें, तेथें बसून लिहिणाऱ्याला ती प्रगत वाटणें स्वाभाविक आहे. मारेगांवांत मात्र तोच पहिला धडा होय. कोणता धडा पहिला, हें विषयावरून पूर्णपणें ठरत नाहीं. तें शिकणाऱ्याच्या घरावरूनही ठरतें.

सर्वांत सबळ आक्षेप अजून राहिला आहे, आणि तो न टाळतां मांडला पाहिजे. जाणते म्हणतात: आम्हीं पाठ लिहिला तरी तो वर्ष-दोन वर्षांत शिळा होतो, आणि शिळा पाठ मुळींच नसण्याहून वाईट. यांत तथ्य आहे. वर ज्या जोडण्याच्या ओळीची गोष्ट सांगितली, तिचीच लेखनपद्धति २०२१ सालीं यॉक्टोनें बदलली. पूर्वीं दोन शब्दांमध्यें अधोरेखा घालीत. आतां तेथें अपूर्णविराम घालतात. बदल विचारपूर्वक केलेला, आणि त्याचा लाभही आहे. परंतु त्यापूर्वीं लिहिलेलीं असंख्य पानें त्या दिवसापासून नवशिक्याला चकविणारीं झालीं. पण यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? घड्याळ मागें पडतें म्हणून कोणी घड्याळ फेंकून देत नाहीं, त्याला किल्ली देतो. पाठाच्या माथ्यावर तो कोणत्या आवृत्तीसाठीं आहे आणि कोणत्या तारखेला करून पाहिला, हें लिहावें. नवी आवृत्ति निघण्यापूर्वीं तो एकदां पहिल्या आज्ञेपासून शेवटपर्यंत करून पाहावा. आणि जो जुना झाला त्याच्यावर ठळक अक्षरांत तसें लिहून ठेवावें. प्रोग्रॅममधला दोष उघडकीस येतांच आवृत्ति थांबविणारे लोक, पहिल्या पाठांतला दोष माहीत असूनही ती बाहेर सोडतात. त्यांच्या लेखीं पाठ हा कामाचा भाग नसून कामावरची सजावट असतो. मूळ भांडण येथें आहे.

पाठ करून पाहावयाचा तो कोणी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. लिहिणाऱ्यानें स्वतः करून पाहिल्यास त्याचा हात मोकळी जागा आपोआप सोडील, आणि पाठ निर्दोष ठरेल. तो पाहावा ज्याला येत नाहीं त्यानें. हें आमचें कल्पनारंजन नव्हे. मुंबईच्या आय.आय.टी.नें 'स्पोकन ट्युटोरियल' हा जो उपक्रम चालविला, त्यांत मुक्त संगणक-साधनांचे लहान लहान बोलके पाठ तयार होतात. लिनक्सचे आहेत, आर्डुइनो या छोट्या संगणकफलकाचेही आहेत, आणि कित्येक पाठ मराठींत ऐकावयास मिळतात. तेथें पाठाची संहिता ध्वनिमुद्रित होण्यापूर्वीं ती एका नवशिक्याकडून तपासून घेण्याची पायरी ठरवून ठेवलेली आहे. जाणता विषय तपासतो, अजाण वाट तपासतो. दोघांच्या पसंतीवांचून पाठ पुढें जाऊं नये, ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे. तसेंच फ्रान्समधील बूटलिन ही संस्था प्रशिक्षण देण्याचा धंदा करीत असूनही यॉक्टो आणि बिल्डरूट या दोहोंवरचें आपलें शिक्षण-साहित्य खुल्या परवान्याखालीं वाटून टाकते. शिकविण्यानें मान किंवा मिळकत घटते, असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें उदाहरण पाहावें.

मराठीपुरता एक आक्षेप उरतो. आमच्याकडे परिभाषा नाहीं. आधीं कोश व्हावा, मग पाठ लिहावे, असें कित्येक भाषाभिमानीच म्हणतात. त्यांना आमच्या वऱ्हाडांतली एक जुनी आठवण सांगावीशी वाटते. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांच्याविषयीं असें नोंदलेलें आहे कीं, संस्कृतांत ग्रंथ रचूं पाहणाऱ्या आपल्या पंडित शिष्याला त्यांनीं अडविलें. कारण तसें केल्यानें पंथांतल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. मराठींत परिभाषा सिद्ध होईपर्यंत थांब, असें त्यांनीं सांगितलें नाहीं. पुढें त्याच पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपींत बंद झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं ती लिपि उलगडेपर्यंत आपल्याच भाषेंतलें आद्य गद्य सामान्य मराठी वाचकाला परकें राहिलें. ग्रंथ होते, जपलेलेही होते, वाट नव्हती. तेव्हां फाइलीला फाइल म्हणा, कमांडला कमांड म्हणा. आज्ञा जशी टंकावयाची तशीच राहूं द्या. परंतु ती कां द्यावयाची, दिल्यावर काय दिसेल, आणि तें न दिसल्यास काय समजावें, हें मराठींत सांगा. या तीन गोष्टींना कोशाची वाट पाहावी लागत नाहीं.

एक गोष्ट न्यायानें कबूल केली पाहिजे. या यंत्रणा चालविणाऱ्यांपैकीं पुष्कळजण विनावेतन राबतात, आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल कुरकुर करणारा शोभत नाहीं. शिवाय हा लेख लिहिणारा स्वतः निर्दोष नाहीं. आम्हीं उमेदीचीं बरींच वर्षें यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्यांत घालविलीं, आणि त्यांतल्या किती पुस्तिका अजाण माणसाकडून तपासून घेतल्या, याचा हिशेब आज कोणीं मागितला तर मान खालीं घालावी लागेल. म्हणून दोष केवळ लिहिणाऱ्याचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. शिकणाऱ्यावरही एक कर्तव्य आहे, आणि तें त्याच्यावांचून दुसऱ्या कोणाला पार पाडतां येणार नाहीं. आपण कोठें अडलों, हें अडलेल्या दिवशींच त्यानें लिहून ठेवलें पाहिजे. ज्ञान झालें कीं अज्ञानाची आठवण पुसली जाते, आणि ती पुन्हा कोणत्याही परिश्रमानें परत मिळत नाहीं.

याचा पडताळा घरांतच आला. भाच्याचें यंत्र दिवाळीच्या सुमारास चालूं लागलें. त्याची धाकटी बहीण यंदा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षांत आहे. तिच्यासाठीं त्यानें स्वतःच एक पान मराठींत लिहिलें. मोकळ्या जागेविषयीं त्यांत अर्थातच दोन वाक्यें होतीं. पान घेऊन ती संगणकापुढें बसली, आणि तिसऱ्याच ओळीला थांबली. ओळ अशी: 'मग नेहमीप्रमाणें एन्व्हायर्नमेंट लावून घ्यावें.' तिनें विचारलें, "दादा, नेहमीप्रमाणे म्हंजे कसं?" उन्हाळ्यांत ज्यानें परक्यांच्या पानाला बोल लावला, त्याच्याच लेखणींतून सहा महिन्यांत 'नेहमीप्रमाणें' उतरलें होतें. तो ओशाळला, ओळ खोडून त्यानें लिहिलें कीं, टर्मिनलची खिडकी नवी उघडली कीं ही आज्ञा प्रत्येक वेळीं पुन्हा द्यावी लागते, आणि न दिल्यास बिटबेक नांवाची आज्ञा सांपडत नाहीं असें उत्तर येतें. त्या पानावर आतां बहिणीच्या हातच्या सात खुणा आहेत. यंत्रणेचें लेखन सांभाळणाऱ्यांकडे कोणींही दुरुस्ती पाठवूं शकतो. म्हणून यांतल्या कांहीं गोष्टी तिकडे लिहून पाठवाव्या कीं कसें, असें भाचा विचारीत होता. आम्हीं म्हटलें, अवश्य पाठव. पण सातही पाठव, आणि त्या कोणी काढल्या, तेंही लिही.